सरांच्या बायोडेटात जहाज

कॉलेजच्या प्रॉस्पेक्टसमध्ये शिक्षकांच्या नावापुढे पदव्यांची रांग असते. एमए, सेट, नेट, पीएचडी. त्या हव्यातच, त्यावर वाद नाही. पण अमेरिकेतल्या काही विद्यापीठांत एक विभाग असा आहे, जिथे शिक्षकाची ओळख करून देताना आधी जहाजं येतात आणि मग डिग्री. सर कोणत्या पाणबुडीवर होते, कोणत्या विनाशिकेवर कोणतं काम बघायचे, किती वेळा लांबच्या मोहिमेवर गेले, हे सगळं त्यात असतं. विभागाचं नाव ‘नेव्हल सायन्स’ आणि योजनेचं नाव नेव्हल रिझर्व्ह ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर, म्हणजे एनआरओटीसी. आपल्या एनसीसीच्या नेव्हल विंगचा लांबचा चुलतभाऊच म्हणा. फरक असा, की तिथे चार वर्षं पूर्ण केली की पदवीबरोबर थेट नौदलाचं किंवा मरीन कोअरचं कमिशन हातात पडतं.

ही योजना १९२६ मध्ये हार्वर्ड, येल, बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ अशा सहा ठिकाणी सुरू झाली. युनिटचा प्रमुख साधारणपणे नौदलातला कॅप्टन किंवा मरीन कोअरचा कर्नल असतो. (नौदलातला कॅप्टन म्हणजे लष्करातला कर्नल, हे एनसीसीवाल्यांना सांगायला नकोच.) विद्यापीठाने या अधिकाऱ्याला प्रोफेसरचा दर्जा द्यायचा, ही अमेरिकेच्या कायद्यातली अट आहे. पगार नौदल देतं, खुर्ची आणि वर्ग विद्यापीठ देतं.

या प्रमुखाची वीस-पंचवीस वर्षं जहाजांवर गेलेली असतात. पण मुलांचा रोजचा संबंध येतो तो लेफ्टनंट मंडळींशी. ही माणसं पंचविशी-तिशीतली, म्हणजे आपल्या मोठ्या दादा-ताईच्या वयाची. जहाजावरची पहिली नेमणूक संपवून दोन-तीन वर्षांसाठी किनाऱ्यावर आलेली आणि मुदत संपली की पुढच्या नेमणुकीवर जाणारी. नॅव्हिगेशन शिकवणाऱ्या मॅडमनी मध्यरात्री जहाजाच्या ब्रिजवर उभं राहून पहारा केलेला असतो. समोरून येणाऱ्या मालवाहू जहाजाला उजवीकडून जाऊ द्यायचं की आपण वळायचं, हा त्यांच्यासाठी पाच मार्कांचा प्रश्न नसतो. अणुपाणबुडीवरून आलेल्या सरांना तर अणुविभागाच्या प्रमुख अ‍ॅडमिरलसमोर मुलाखत दिल्याशिवाय त्या वाटेवर पाऊलच टाकता आलेलं नसतं. त्यानंतर वर्षभराहून जास्त काळ अणुभट्टीचा अभ्यास, मग पाणबुडीची शाळा, मग समुद्र.

या सगळ्यात मला सर्वांत आवडणारा बायोडेटा आहे बर्कलीचं युनिट उभं करणाऱ्या चेस्टर निमित्झ यांचा. १९२६ मध्ये ते तिथे आले तेव्हा एकेचाळीस वर्षांचे होते. तोपर्यंत त्यांनी काय केलं होतं? पाणबुड्यांवर काम केलं होतं. डिझेल इंजिन शिकायला १९१३ मध्ये जर्मनीला जाऊन आले होते. पुढे हेच इंजिन लोकांना दाखवताना त्यांचा हात गिअरमध्ये सापडला, एका बोटाचा तुकडा गेला आणि अ‍ॅकॅडमीच्या अंगठीमुळे बाकीचा हात वाचला. १९२० मध्ये पर्ल हार्बरला पाणबुड्यांचा तळ उभारायचं काम त्यांच्याकडे होतं.

आणि याच बायोडेटात एक ओळ अशी होती, जी आपल्याकडे कुणी छापणार नाही. १९०८ च्या जुलैमध्ये फिलिपिन्समध्ये तेवीस वर्षांच्या निमित्झने ‘डेकॅटर’ ही विनाशिका गाळात घातली. जहाजाची जागा नीट मोजली नव्हती, भरती-ओहोटीचा तक्ता बघितला नव्हता. रात्रभर जहाज रुतून राहिलं आणि हे महाशय डेकवर खाट टाकून झोपले. सकाळी दुसऱ्या एका बोटीने ओढून काढलं. कोर्ट मार्शल झालं, ठपका बसला, जहाज हातातून गेलं. नोकरी मात्र राहिली. अठरा वर्षांनी त्याच माणसाला नौदलाने विद्यापीठात नवे अधिकारी घडवायला पाठवलं.

तीन वर्षं शिकवून ते पुन्हा समुद्रावर गेले. १९४१ च्या ३१ डिसेंबरला, पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर काही आठवड्यांतच, त्यांनी पॅसिफिक ताफ्याची सूत्रं घेतली, तीही एका पाणबुडीच्या डेकवर. १९४५ मध्ये जपानच्या शरणागतीच्या दस्तऐवजावर अमेरिकेच्या वतीने सही त्यांचीच आहे. पण हा पुढचा पराक्रम क्षणभर बाजूला ठेवा. बर्कलीच्या मुलांसमोर १९२६ मध्ये ‘पॅसिफिकचा विजेता’ उभा नव्हता. उभा होता तो एक मधल्या फळीतला अधिकारी, ज्याला तळ बांधता येत होता, इंजिन उघडता येत होतं आणि ज्याच्या नावावर रुतलेलं जहाज जमा होतं. मला वाटतं, नॅव्हिगेशन शिकायला यापेक्षा चांगला माणूस मिळणं कठीण.

युनिटमध्ये आणखी एक शिक्षक असतो, त्याच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. मरीन कोअरचा गनरी सार्जंट किंवा त्याच्या आसपासच्या हुद्द्याचा माणूस. तो अधिकारी नाही. बऱ्याचदा तो पॅरिस आयलंड किंवा सॅन दिएगोच्या भरती केंद्रात ड्रिल इन्स्ट्रक्टर राहिलेला असतो. कवायत, शिस्त, पाठीवर ओझं घेऊन चालणं हे सगळं त्याच्याकडे. जी मुलं चार वर्षांनी हुद्द्याने त्याच्या वर जाणार, त्यांना तोच घडवतो. कमिशनच्या दिवशी नव्या अधिकाऱ्याला पहिला सॅल्यूट हुद्द्याने खालचा सैनिक करतो आणि परंपरेने त्याला चांदीचा डॉलर मिळतो. अनेक मुलं हा मान या सार्जंटलाच देतात. आपल्याकडे वर्कशॉपमध्ये लेथ शिकवणाऱ्या इन्स्ट्रक्टरला किंवा लॅब असिस्टंटला पदवीदान समारंभात कुठे बसवतात, आठवून बघा.

मग सगळं छानच का? नाही. १९६९ मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या वातावरणात हार्वर्डच्या प्राध्यापकांनी या प्रशिक्षणाचं क्रेडिट आणि अधिकाऱ्यांची प्रोफेसर ही पदवी काढून घेण्याच्या बाजूने मत दिलं. राग युद्धाचा होता हे खरं, पण मुद्दा तेवढाच नव्हता. शिक्षक कोण हे विद्यापीठाने ठरवायचं की नौदलाने? वर्दीतला माणूस सरकारी धोरणावर वर्गात किती मोकळं बोलणार? हे प्रश्न आजही चुकीचे वाटत नाहीत. नौदलाचं युनिट हार्वर्डमध्ये अधिकृतपणे परतलं ते २०११ मध्ये, समलिंगी व्यक्तींना उघडपणे सैन्यात राहू न देणारा कायदा रद्द करायचं ठरल्यावर. शिवाय काम येणं आणि शिकवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उत्तम स्वयंपाक करणारी आजी ‘अंदाजाने घाल गं’ एवढंच सांगते, तसं काहीसं.

आपल्या एनसीसीत हा खेळ उलटा आहे. तिथे नौदल अधिकारी प्रोफेसर होतो. इथे आपलेच प्राध्यापक प्रशिक्षण घेऊन असोसिएट एनसीसी ऑफिसर होतात आणि परेडच्या दिवशी वर्दीत दिसतात. सकाळी अकाउंट्स, दुपारी सॅल्यूट. युनिटचे कमांडिंग ऑफिसर आणि सेमाफोर, बोट पुलिंग शिकवणारा स्टाफ मात्र नौदलातला. नेव्हल विंगमधल्या किती कॅडेट्सनी आपल्या पेटी ऑफिसरना ‘सर, तुम्ही कुठल्या जहाजावर होतात?’ असं विचारलंय? परेड संपली की वडापावकडे धावायच्या आधी दहा मिनिटं काढली, तर एक अख्खा अभ्यासक्रम फुकट मिळेल.

एनसीसीत नसलेल्यांसाठीही हा विषय आता घरचा आहे. यूजीसीने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची मार्गदर्शक तत्त्वं आणली. किमान पंधरा वर्षांचा अनुभव हवा, पीएचडीची सक्ती नाही, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत मर्यादा आणि जास्तीत जास्त चार वर्षं. क्षेत्रांच्या यादीत सशस्त्र दलं आहेत, तशी माध्यमंही आहेत. कल्पना चांगली आहे. पण आपल्याकडे आधीच वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवणारे शिक्षक आहेत, ज्यांना तासावर पैसे मिळतात आणि सुट्टीत काहीच मिळत नाही. त्यांची पदं भरायची सोडून वर्षातून चार लेक्चर देणारा पाहुणा आणायचा आणि जाहिरातीत ‘इंडस्ट्री एक्स्पर्ट’ लिहायचं, असं झालं तर ती निव्वळ धूळफेक. एनआरओटीसीचा लेफ्टनंट पाहुणा नसतो. तो दोन-तीन वर्षं पूर्ण पगारावर, रोज तिथेच असतो. मुलांचे पेपर तपासतो, कुणी गणितात मागे पडलं तर त्याला बोलावून घेतो.

म्हणून येत्या अ‍ॅडमिशनच्या वेळी प्लेसमेंटचे आकडे बघून झाले की आणखी एक माहिती मागा. जे ‘एक्स्पर्ट’ शिकवणार आहेत, त्यांनी नेमकं कुठे, किती वर्षं, कोणतं काम केलं? शेवटचं कधी केलं? सेमिस्टरमध्ये ते किती दिवस कॅम्पसवर असतील? उत्तर म्हणून फक्त कंपन्यांचे लोगो दाखवले, तर पुन्हा विचारा.