मन, मौन आणि मोबाइल

आजचे युग हे यंत्रयुग आहे, असे म्हणण्याचा प्रघात आता जुना झाला. यंत्र आता आपल्या खिशातच येऊन बसले आहे. प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्ती, हजेरी, निकाल, सारे त्याच्यावरच. त्यात अलीकडे आणखी एका कामाची भर पडू पाहत आहे. विद्यार्थ्यांचे मन सांभाळण्याचे कामही यंत्राकडे द्यावे, जोडीला सभागृहात ध्यानाचा एखादा तास घ्यावा, म्हणजे प्रश्न सुटला, असे बोलले जाते. या दोन्ही गोष्टींना माझा विरोध नाही. पण त्या दोहोंच्या मध्ये एक माणूस असावा लागतो, आणि नेमका त्याचाच आपल्याला विसर पडत आहे.

प्रश्न किरकोळ नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. आकडा वाचून आपण पान उलटतो. पण या आकड्यात अशीही घरे असतील, की ज्यांतून त्यापूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते.

कागदावर उपायांची वाण नाही. २०१७ साली मानसिक आरोग्यसेवेचा कायदा झाला. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने ‘टेलिमानस’ ही सेवा सुरू केली. १४४१६ हा क्रमांक फिरवला, की दिवसा-रात्री केव्हाही, मराठीतसुद्धा, विनामूल्य बोलता येते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ अथवा समाजकार्यकर्ता नेमावा, असा निर्देश दिला. मग घोडे अडते कुठे?

माझ्या मते ते प्रथम शब्दांपाशी अडते. आमच्या घरांत ‘डिप्रेशन’ हा शब्द कोणी उच्चारीत नाही. तिथे ‘करमत नाही’, ‘जिवाला चैन नाही’, ‘अन्न गोड लागत नाही’ असे म्हणतात. शिकायला बाहेर पडलेल्या पहिल्या मुलाला तर तेवढेही म्हणता येत नाही. ज्यांनी शेळ्या विकून फी भरली, त्यांना ‘मला करमत नाही’ हे कोणत्या तोंडाने सांगायचे? अशा मुलाच्या मोबाइलवर एके दिवशी इंग्रजी प्रश्नावली येते. गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला अमुक किती वेळा वाटले, चारांपैकी एका पर्यायावर खूण करा. तो दुसऱ्या पर्यायावर खूण करून मोकळा होतो. यंत्राला उत्तर मिळते. मुलाला काहीच मिळत नाही.

फोन करावा म्हटले, तर तो कुठे बसून करायचा? वसतिगृहाच्या खोलीत चारजण असतात, घरी दोन खोल्यांत सहाजण. मुलींपैकी कितीतरीजणींचा फोन भावाबरोबर वाटून घेतलेला असतो.

आता ध्यानाविषयी. ज्याला ‘माइंडफुलनेस’ म्हणतात, त्याचा रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केला. त्याचे मूळ बौद्ध साधनेत आहे. आपल्या इगतपुरीच्या धम्मगिरीवर तर विपश्यनेची शिबिरे १९७६ पासून चालू आहेत. तेव्हा ही गोष्ट आपल्याला परकी नाही. परंतु तिचा उपयोग केव्हा होतो, हेही पाहिले पाहिजे. केंब्रिज विद्यापीठात स्वेच्छेने आलेल्या ६१६ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. ज्यांना हा वर्ग मिळाला त्यांना परीक्षेच्या काळात इतरांपेक्षा कमी त्रास जाणवला, असे २०१७ साली प्रसिद्ध झाले. उलट ब्रिटनमधील सुमारे आठ हजार शाळकरी मुलांच्या प्रयोगात वर्गावर्गातून सरसकट ध्यान शिकवून नेहमीच्या शिक्षणापेक्षा अधिक लाभ दिसला नाही. हा निष्कर्ष २०२२ चा आहे. माझ्या अल्पमतीनुसार याचा बोध असा, की मौन हे स्वखुशीचे असावे. त्याची हजेरी घेऊ नये. शिवाय ज्याच्या शिष्यवृत्तीपुढे महिनोन्‌महिने ‘प्रलंबित’ असे लिहून येते, त्याने श्वास कितीही संथ केला तरी फीची मुदत पुढे सरकत नाही. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर उद्याच्या चाचणीची सूचना टाकायची आणि सकाळी मनःशांतीवर व्याख्यान ठेवायचे, ही विसंगती आधी दूर व्हावी.

मग यंत्राने करावे तरी काय? त्याने माणसाला हाक मारावी. हजेरीची नोंद आता यंत्रात होतेच. एखादा विद्यार्थी सलग आठ दिवस दिसला नाही, तर यंत्राने त्याच्या नावापुढे दंड न मांडता त्याच्या मार्गदर्शक-प्राध्यापकांना कळवावे, आणि सरांनी किंवा मॅडमनी विचारावे, ‘काय रे, दिसला नाहीस?’ या तीन-चार शब्दांची जागा कोणतेही ॲप घेऊ शकणार नाही.

येथे गुरुजनांची बाजूही मांडली पाहिजे. मार्गदर्शक-प्राध्यापक योजना बहुतेक महाविद्यालयांत असते. नॅकची समिती यायची झाली, की तिच्या वह्या भरल्या जातात. पण एकेका प्राध्यापकाच्या वाट्याला पन्नास-साठ मुले आली, तर नावे तरी कशी लक्षात राहावीत? पुष्कळजण तासिका तत्त्वावर शिकवतात. पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही, हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी आम्हाला धीर कोणत्या बळावर द्यावा? विद्यार्थ्यांच्या मनाचा प्रश्न असा रिकाम्या पदांशीही येऊन भिडतो.

म्हणून मागणी थोडकीच आहे. समुपदेशकाने आठवड्यातील ठरलेल्या दिवशी यावे. त्यांची खोली कार्यालयासमोर नसून ग्रंथालयाच्या बाजूला असावी, म्हणजे आत जाणाऱ्याकडे चार डोळे वळणार नाहीत. १४४१६ हा क्रमांक ओळखपत्राच्या मागे मराठीत छापावा. तासाच्या आरंभी दोन मिनिटे शांत बसावे. ज्याला नको त्याने खिडकीबाहेर पाहावे. आणि आपण विद्यार्थ्यांनी, मित्रहो, शेजारचे बाक दोन दिवस रिकामे दिसले, तर त्याच्या खोलीवर चक्कर टाकावी. तेवढ्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही.

— द्वितीय वर्ष, कला