फराळ विकत आणा, किल्ला नको

दिवाळी जवळ आली की आमच्या कॅंटीनमध्ये दोनच विषय उरतात. रजा कोणाकोणाची मंजूर झाली आणि फराळ घरी करणार की ऑर्डर देणार. पहिल्या विषयावर सगळ्यांचं एकमत असतं (मॅनेजर माणूस नाही!). दुसऱ्यावर मात्र दोन तट पडतात. एक तट म्हणतो, घरच्या चकलीची सर विकतच्या चकलीला नाही. दुसरा म्हणतो, वेळ कुठंय बाबा? मग वीस मिनिटं हमरीतुमरी होते, चहा गार होतो आणि आपण सगळे परत मॉनिटरसमोर.

मला ही भांडणाची मांडणीच चुकीची वाटते. दोघं कमावते, घरात लहान मूल, चार दिवसांवर पाहुणे, अशा घरात सगळं घरी होणार नाही हे उघड आहे. तेव्हा काहीतरी सोडावं लागणार. प्रश्न एवढाच की काय सोडायचं आणि काय धरून ठेवायचं, हे कोणत्या निकषावर ठरवायचं? माझं मत आधीच सांगून टाकतो. फराळ खुशाल विकत आणा. किल्ला मात्र विकत आणू नका.

आता जरा सविस्तर.

आधी दिवसांचा हिशोब करू. २०२५ ची दिवाळी घ्या. वसुबारस शुक्रवारी १७ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन मंगळवारी २१ ला आणि भाऊबीज गुरुवारी २३ ला. म्हणजे पंचांगाप्रमाणे अख्खा आठवडा. शाळेला सुट्टी साधारण दोन आठवडे. आणि आपल्या हॉलिडे लिस्टमध्ये? बहुतेक कंपन्यांत दोन दिवस. बाकीचं आपापल्या रजेतून भागवा, तीही 'सबजेक्ट टू प्रोजेक्ट रिक्वायरमेंट'.

यात कोणाचा दुष्टपणा आहे असं नाही. आपलं कॅलेंडर क्लायंटचं असतं एवढंच. अमेरिकेतला थॅंक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो आणि तिथून ख्रिसमसपर्यंत त्यांच्या खरेदीचा हंगाम. त्या दिवसांत सिस्टिम कोलमडायला नको म्हणून रिटेलवाले क्लायंट त्याच्या आधीच कोड फ्रीझ करतात. साहजिकच जे काही प्रॉडक्शनला ढकलायचंय ते ऑक्टोबरात आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला ढकलायचं. आणि आपली दिवाळी नेमकी तिथंच येऊन बसते. बरं, ती एका जागी तरी बसते का? दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकते आणि अधिक महिना आला की टुणकन पुढं उडी मारते. २०२५ चं लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरचं, तर २०२६ चं, ज्येष्ठ अधिक असल्यामुळे, ८ नोव्हेंबरचं. पण मागं-पुढं कितीही झाली तरी रिलीजच्या तावडीतून काही सुटत नाही. उलट डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, क्लायंट सुट्टीवर असताना, हिंजवडीत आपण मेल रिफ्रेश करत बसतो. तेव्हा रजा मागितली की लगेच मिळते. पण डिसेंबरात रजा घेऊन काय करणार? मुलांची शाळा सुरू असते!

तर शाळेचे दोन आठवडे वजा ऑफिसचे दोन दिवस, ही जी तफावत आहे ती कोण भरतं? उत्तर सगळ्यांना माहीत आहे. आजी भरते. साताऱ्याहून, सांगलीहून, नगरहून एसटीनं किंवा रात्रीच्या खाजगी बसनं ती येते. येताना एका पिशवीत भाजणी आणि दुसऱ्या पिशवीत अनारशाचं पीठ. तिचा मुक्काम नातवंडांसाठी असतो असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात ती सकाळी सहाला गॅससमोर उभी राहते ती रात्री साडेदहाला ओटा पुसून बाजूला होते. नातवंडं हॉलमध्ये कार्टून बघतात.

ज्यांना फराळ म्हणजे तासाभराचं काम वाटतं (बहुतेक सगळे पुरुष), त्यांच्यासाठी थोडी माहिती. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजतात आणि त्यांचं पाणी रोज बदलायचं असतं. मग उपसायचे, थोडे वाळवायचे, कुटायचे, चाळायचे, गूळ घालून गोळा बांधून ठेवायचा. काही दिवसांनी तो खसखशीवर थापून तुपात सोडायचा. एवढं करून अनारसा हसला, म्हणजे तुपात विरघळून पसरला, की संपलं. चकलीची भाजणी करायची तर तांदूळ आणि डाळी वेगवेगळ्या भाजायच्या, गिरणीत रांग लावायची आणि मोहन कमी-जास्त झालं की चकली एकतर दगड, नाहीतर दुसऱ्या दिवशी मऊ. करंजीला किमान दोन माणसं लागतात, एक लाटायला आणि एक भरायला. पाच पदार्थ धरले आणि प्रत्येकी नुसता अर्धा दिवस धरला तरी अडीच दिवस झाले. आपल्या अख्ख्या दिवाळीच्या सुट्टीपेक्षा जास्त!

पूर्वी हे जमायचं, कारण वाड्यात चार जावा आणि शेजारच्या दोन काकू मिळून बसायच्या. आज तुमच्या घराकडून कळसा भरून पीठ, उद्या आमच्याकडून. गप्पा व्हायच्या, सासवांच्या उखाळ्यापाखाळ्या निघायच्या, काम हलकं व्हायचं. आता वाकडच्या अकराव्या मजल्यावर एकटी बाई चिमणीच्या आवाजात चकल्या तळते. पदार्थ तोच, पण त्याच्या भोवतीचं सगळं गेलंय. उरलंय ते फक्त काम. आणि ते काम एकाच माणसाच्या डोक्यावर.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाहीये. २०१९ साली केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होते. पुरुषांचे ९७. आणि हे ९७ सुद्धा फक्त अशी कामं करणाऱ्या पुरुषांचे, जे शंभरात सव्वीसच निघाले. हा रोजचा हिशोब आहे हं. दिवाळीचा वेगळा काढला तर काय निघेल याचा विचार आपापल्या घरी करा.

म्हणून म्हणतो, फराळ विकत आणा. "विकतच्याला काय फराळ म्हणायचं?" असं आई म्हणेल. आमचीही म्हणते. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे, चवीत फरक पडतोच. पण चवीसाठी तिची कंबर किती दिवस धरायची, हाही प्रश्न आहे ना? मधला मार्ग आहे. तिचा जो एक हातखंडा पदार्थ असेल तो घरी होऊ दे, बाकीचे चार बाहेरून. पुण्यात तर याची काही कमी नाही. मोठी दुकानं आहेतच, पण गल्लोगल्ली बचत गट आहेत, घरून ऑर्डर घेणाऱ्या काकू आहेत. आपल्या घरात फुकट होणाऱ्या कामाचे तिथं त्यांना पैसे मिळतात, ही वाईट गोष्ट कशी काय? फक्त ऑर्डर महिनाभर आधी द्या आणि भावात घासाघीस करू नका. मॉलमध्ये पॉपकॉर्नला मुकाट्यानं पैसे मोजणारा माणूस चकलीच्या किलोमागं वीस रुपयांसाठी वाद घालतो तेव्हा कसंसंच होतं.

आणि याच ओघात आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचं. दिवाळीत त्या सुट्टी घेतात म्हणून सोसायटीत जी कुरकुर चालते ती ऐकण्यासारखी असते! अहो, त्यांच्याही घरी दिवाळी आहे, त्यांनाही भाऊ आहे. आपल्या ऑफिसनं भाऊबीजेची रजा नाकारली की आपण आठवडाभर बोटं मोडतो. मग तोच नियम आपण मॅनेजर असताना वेगळा का? बोनस आणि पगारी सुट्टी, दोन्ही द्यायला हवं. भांडी चार दिवस आपण घासू. ९७ मिनिटांचा आकडा थोडा तरी वर जाईल.

आता नातेवाईक. भाऊबीज ही सॉफ्टवेअरवाल्यांनी अभ्यासावी अशी गोष्ट आहे, कारण ते चक्क डेडलॉक आहे. मी ताईकडे जायचं, पण ताईला तिच्या नणंदेची वाट बघत घरी थांबायचंय. बायकोला तिच्या भावाकडे जायचंय, पण तिचा भाऊ त्याच्या बायकोला घेऊन सासरी निघालाय. प्रत्येक जण दुसऱ्यासाठी अडलेला आणि तोही कोणासाठी तरी अडलेला! मग एका दिवसात हडपसर, कोथरूड, पिंपरी असा दौरा निघतो, निम्मा दिवस सिग्नलला जातो आणि मागच्या सीटवर पोरं झोपून जातात. यावर उपाय सोपा आहे. भाऊबीजेचं ओवाळणं त्या दिवशी जमेल तिथं करा आणि पुढच्या रविवारी सगळ्यांनी एकाच घरी जमा. प्रत्येक घरानं एक पदार्थ आणायचा, ताटं ज्याची त्यानं उचलायची, चहा भावोजींनी करायचा. पाहुणचार कमी झाला असं कोणी म्हणेल. म्हणू दे. आत्या "एकच का? दुसरं कधी?" हे तसंही विचारणारच आहे.

नातेवाईक टाळा, असं मात्र मी म्हणणार नाही. तिशीच्या आतल्या आपल्या मंडळींत हल्ली दिवाळीत सरळ रिसॉर्ट बुक करायची पद्धत पडतेय. दमलेल्या माणसाला ते हवंसं वाटतं, समजू शकतो. पण आपल्या एकुलत्या एक मुलांना सख्खं भावंड नाही. आते-मामे भावंडांबरोबर हॉलमध्ये गाद्या घालून रात्री बारापर्यंत खिदळायला वर्षातून हेच दोन-चार दिवस मिळतात. ते रिसॉर्टच्या पॅकेजमध्ये येत नाहीत.

आणि आता किल्ला. तो विकत का आणायचा नाही?

हल्ली रस्त्याच्या कडेला प्लास्टरचे रंगवलेले तयार किल्ले मिळतात. आणले, टीपॉयवर ठेवले, वर चार मावळे उभे केले, दहा मिनिटांत काम तमाम. मग पोरांना बजावायचं, हात लावू नका, तुटेल. म्हणजे ज्यांच्यासाठी आणला त्यांनीच लांब राहायचं!

किल्ल्याचं सगळं सार हात लावण्यात आहे. चकलीच्या कढईजवळ चार वर्षांच्या पोराला फिरकू देता येत नाही, पण चिखलात बसवता येतं. विटा रचणं, त्यावर ओलं पोतं टाकणं, माती थापणं, यात दोन वर्षांपासून सत्तर वर्षांपर्यंत सगळ्यांना काम आहे. आजोबांना दोरीचा पूल करता येतो. अहळीव नाहीतर मोहरी पेरायची आणि रोज पाणी शिंपडत वाट बघायची. कोंब यायला दोन-तीन दिवस लागतात आणि डोंगर हिरवा दिसायला जवळजवळ आठवडा. त्याला फास्ट फॉरवर्ड नाही. बटण दाबलं की गोष्ट हजर होते अशा जगात वाढणाऱ्या मुलाला ही वाट बघणं दुसरीकडे कुठं मिळणार?

थोड्या मोठ्या मुलांसाठी तर हा खजिना आहे. राजगड करायला घ्या. मध्ये बालेकिल्ला आणि त्याला फुटलेल्या तीन माच्या, पद्मावती, सुवेळा, संजीवनी. त्या थापताना 'माची म्हणजे काय', 'एवढ्या उंचावर पाणी कुठून आणायचे', 'टाकं म्हणजे काय' हे प्रश्न आपोआप येतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. त्यातले राजगड, शिवनेरी आणि लोहगड आपल्याच जिल्ह्यात आहेत. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तामिळनाडूतला जिंजी, जिथं राजाराम महाराजांच्या काळात मोगलांचा वेढा सात-आठ वर्षं पडला होता. सोसायटीतल्या तमिळ मित्राच्या मुलीला हे सांगा, तीही माती कालवायला येईल.

"फ्लॅटमध्ये जागा कुठंय?" बाल्कनीत एका घमेल्यात सुद्धा किल्ला होतो. आणि खाली पार्किंगच्या कोपऱ्यात सगळ्या बिल्डिंगचा मिळून एक झाला तर सोन्याहून पिवळं. कमिटी फरशी खराब होईल म्हणून कुरकुर करेल, तेव्हा धुऊन द्यायचं कबूल करा आणि खरोखर धुवा. मावळे आणायला मुलांना घेऊन कसब्यातल्या कुंभारवाड्यात जा. मूर्ती कोण घडवतं, पणती कुठून येते, हे तरी बघतील.

तर निकष हा. ज्या कामानं घरातलं एकच माणूस थकतं आणि मुलं लांब ठेवावी लागतात, ते पैसे देऊन बाहेर सोपवा. ज्या कामात मुलांचे हात लागू शकतात, ते कितीही वेडंवाकडं होवो, घरी ठेवा. आपण बहुतेक वेळा बरोबर उलटं करतो. आजीला कढईपाशी उभी करतो आणि मुलांसाठी तयार किल्ला आणतो. दोन्ही बदललं तर त्याच दोन दिवसांत आजी आणि नातवंडं एका जागी येतील. तिच्या लहानपणी किल्ला कसा करायचे, हे सांगायला तिला वेळ मिळेल.

कॅलेंडर क्लायंटचं राहणारच, तो आपल्या हातातला भाग नाही. पण रजेचा अर्ज भरताना लक्ष्मीपूजनाइतकाच त्याच्या आधीचा शनिवार-रविवारही मोकळा ठेवायला काय हरकत आहे? त्या वीकेंडला रिलीज आला तर आत्ताच सांगून टाका की जमणार नाही. अहळीव पेरायचेत.