फुलदाणी विकायची आहे? आधी रात्रभर पाणी भरून ठेवा



हवेत सुकणाऱ्या मातीची छोटी फुलदाणी आपण व्हिडिओत केली, आणि सगळ्यांत जास्त वेळा एकच प्रश्न आला, "ताई, ही कितीला विकू?" माझं मत स्पष्ट आहे. किंमत नंतर. आधी तिच्यात पाणी भरा आणि रात्रभर जुन्या वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी कागद ओला दिसला, तर ती अजून विकायची वस्तू झालेली नाही.

हे मी ठेच खाऊन शिकले. सुरुवातीला दिवाळीच्या तोंडावर अशा बारा फुलदाण्या विकल्या. आतून वार्निशचे दोन हात दिले होते, वाटलं झालं काम. आठवड्याभरात एका ताईंचा फोटो आला. बूड मऊ होऊन बसलेलं, निशिगंध आडवा आणि लाकडी टेबलावर पांढरा डाग! बाराही जणींना पैसे परत केले. पैशांचं एवढं वाटलं नाही, पण त्यातल्या दोघीच पुन्हा माझ्याकडे आल्या.

कारण साधं आहे. न भाजलेली माती सुकते, पण पक्की होत नाही. पाणी लागलं की पुन्हा मऊ पडते. वार्निशला बारीक चीर गेली तरी पुरे. भट्टीत भाजलेलं साधं मडकं विरघळत नाही, पण झिरपतं. माठातलं पाणी त्यामुळेच तर गार राहतं.

मग भट्टी लावायची का? गरज नाही. पाणी काचेला धरू दे, मातीने फक्त दिसायचं काम करावं. औषधाची छोटी रिकामी बाटली स्वच्छ धुवा. तिला कागदाचे तीन-चार वेढे द्या आणि त्यावर माती चढवा. माती थोडी घट्ट झाली की बाटली ओढून काढा. आत ठेवूनच सुकवलीत तर तडा जाणार, कारण सुकताना माती आक्रसते आणि काच हलत नाही. पूर्ण सुकल्यावर कागद काढा, बाटली परत आत सोडा. मोगरा किंवा चाफा तरंगत ठेवायचा असेल, तर पसरट भांडं करून आत काचेची वाटी ठेवा.

आता किंमत. धरून चाला: माती ३० रुपये, बाटली १०, रंग १५, पॅकिंग २५. झाले ८०. तुमचा दीड तास, तासाला ८० रुपयांनी १२०. एकूण २००. तडकणाऱ्या नगांसाठी १० टक्के, म्हणजे २०. ही २२० रुपये तुमची लागत झाली, नफा अजून यायचाय! १५० ला विकलीत, तर प्रत्येक नगामागे ७० रुपये तुम्हीच गिऱ्हाइकाला देताय.

काहीजणी म्हणतात, "बाटलीचं सांगितलं तर लोक घेणार नाहीत." मला उलट वाटतं. सोबत एक चिठ्ठी द्या: "पाणी फक्त बाटलीत घाला. माती ओल्या फडक्याने पुसू नका." एवढं सांगणारीवर लोक विश्वास ठेवतात. घरगुती धंद्यात जाहिरातीला पैसे नसतात, दुसऱ्यांदा येणारं गिऱ्हाईक हीच आपली जाहिरात.

तेव्हा आज रात्री एक फुलदाणी भरून ठेवा. सकाळी कागद कोरडा निघाला की मग किंमत ठरवू.