चौथीची स्कॉलरशिप आणि इंग्रजीचे ५० मार्क: नुसत्या घोकंपट्टीनं पोर पुढं जाईल का?

स्कॉलरशिपची परीक्षा पुन्हा चौथी आणि सातवीला आली, हे एव्हाना गावागावात कळलेलं आहे. २०१६-१७ पासून ही परीक्षा पाचवी आणि आठवीला होत होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये शासनानं निर्णय फिरवला. २०२५-२६ हे बदलाचं वर्ष म्हणून चारही इयत्तांना संधी दिली आणि पुढं नेहमीसाठी चौथी-सातवी ठरवली. आपल्या बहुतेक जिल्हा परिषद शाळा चौथीपर्यंतच आहेत. परीक्षा पाचवीला गेल्यावर या शाळांतली पोरं आणि गुरुजी दोघंही त्यातून बाजूला पडले होते. त्या हिशोबानं निर्णय चांगलाच म्हणायचा.

पण याची दुसरी बाजू पालकांनी नीट समजून घ्यायला हवी. पूर्वी दहा-अकरा वर्षांचं पोर जी इंग्रजी सोडवत होतं, त्या इंग्रजीला आता नऊ-दहा वर्षांचं पोर सामोरं जाणार. तयारीचं एक वर्ष कमी झालं. मग लगेच गाईडं निघाली, चाचणी मालिका निघाल्या, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर रोज एक पीडीएफ येऊ लागली. घरोघरी स्पेलिंगचं पाठांतर सुरू झालं. यातनं पोराला खरंच किती मिळतं, हा आजचा प्रश्न आहे.

आधी मार्कांचा हिशोब

आजवर पाचवीला चालत आलेला साचा असा आहे. दोन पेपर, प्रत्येकी १५० मार्कांचे. पहिल्या पेपरात प्रथम भाषा ५० आणि गणित १००. दुसऱ्या पेपरात तृतीय भाषा ५० आणि बुद्धिमत्ता चाचणी १००. मराठी माध्यमाच्या पोराला तृतीय भाषा म्हणजे इंग्रजी. म्हणजे एकूण ३०० पैकी ५० मार्क इंग्रजीचे, सहावा हिस्सा. प्रश्न २५, प्रत्येकाला दोन मार्क. एका पेपरात ७५ प्रश्न आणि वेळ दीड तास, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद.

पात्र ठरायला प्रत्येक पेपरात ४० टक्के लागतात. त्यामुळं इंग्रजी कच्ची असली तरी बुद्धिमत्तेच्या जोरावर पोर पात्र होऊ शकतं. पण पात्र होणं वेगळं आणि शिष्यवृत्ती मिळणं वेगळं. शिष्यवृत्तीचे संच ठरलेले असतात आणि ते गुणवत्ता यादीतल्या वरच्या पोरांनाच मिळतात. तिथं दोन-चार मार्कांवर नंबर खाली-वर होतो. इंग्रजीचे मार्क तिथं नडतात.

२०२३ नंतर प्राथमिकची रक्कम वाढून वर्षाला ५,००० रुपये झाली आणि ती तीन वर्षं मिळते. मजुरी करणाऱ्या घराला ही रक्कम लहान नाही.

आणखी एक गोष्ट. इंग्रजीचा संबंध फक्त स्कॉलरशिपशी नाही. सरकारी आणि अनुदानित शाळांत राज्य पातळीवरून पायाभूत आणि संकलित चाचण्या होतात, त्यातही प्रथम भाषा आणि गणिताबरोबर इंग्रजी आहेच. नवोदयच्या प्रवेश परीक्षेत मात्र मराठी माध्यमाचं पोर भाषेचा भाग मराठीतूनच सोडवतं. काही ठिकाणी ‘नवोदयसाठी इंग्रजी व्याकरण’ म्हणून वेगळी फी घेतली जाते, तिथं पालकांनी हे ध्यानात ठेवावं.

सरावाच्या नावाखाली काय चाललंय

इंग्रजीच्या भागात साधारण काय येतं? यमक जुळणारा शब्द, विरुद्ध अर्थाचा शब्द, अनेकवचन, गाळलेलं अक्षर, अचूक स्पेलिंग, शब्द एबीसीडीच्या क्रमानं लावणं, उलटसुलट शब्दांतून वाक्य बनवणं, छोटा उतारा, चित्रावरचे प्रश्न. आणि विरामचिन्हं कुठं द्यायची, मोठी एबीसीडी कुठं वापरायची. सगळं पर्यायी. चार गोलांपैकी एक काळा करायचा.

गोम इथंच आहे. ‘अचूक स्पेलिंग ओळखा’ या प्रश्नात एक बरोबर आणि तीन चुकीची स्पेलिंगं छापलेली असतात. ज्या पोराला तो शब्द आधीपासून येतो, त्याला त्यानं फरक पडत नाही. पण ज्याला शब्दच माहीत नाही, त्याच्या डोळ्यासमोरून एका बरोबर शब्दामागं तीन चुकीचे जातात. असे वीस-पंचवीस पेपर सोडवले की चुकीचंच ओळखीचं वाटायला लागतं. मग गुरुजींनी विचारलं की पोर गोंधळतं, आणि आपण म्हणतो, ‘एवढा सराव करून याच्या डोक्यात काही राहत नाही.’

सराव पेपर ही मोजपट्टी आहे. मोजपट्टीनं रोज उंची मोजली म्हणून पोर वाढत नाही, त्याला खायला द्यावं लागतं. आधी शब्द वाचायचा, बोलायचा, वहीवर लिहायचा आणि मग पेपर सोडवायचा. आपल्याकडं बऱ्याच घरांत हा क्रम उलटा झालाय.

आपली पोरं नेमकी कुठं अडतात

इंग्रजीत चुका होतात त्या पोरं ढ असतात म्हणून होत नाहीत. त्यातल्या बऱ्याच चुका मराठीच्या सवयीतून येतात. कारण कळलं की इलाज सोपा होतो.

पहिली अडचण स्पेलिंगची. देवनागरीत जवळपास जसं बोलतो तसं लिहितो. इंग्रजीत ‘क’ एकच, पण तो कधी सी, कधी के, कधी सी-के, कधी क्यू होऊन येतो. ‘व’ला व्ही आणि डब्ल्यू दोन्ही. ‘फॅन’चा फ वेगळा आणि ‘फोन’चा वेगळा, तिथं पी-एच. ‘नी’ म्हणजे गुडघा, त्याच्या सुरुवातीला के बसलाय आणि त्याचा आवाजच नाही. हा के फुकटचा आला नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा उच्चार होत होता. पंधराव्या शतकात इंग्लंडात छापखाना आला, हळूहळू स्पेलिंग पक्की होत गेली आणि उच्चार मात्र बदलत राहिले. म्हणून बोलणं एक आणि लिहिणं एक झालं. हे पोराला सांगितलं तर ‘उगीच आहे’ असं वाटत नाही. आणि असे शब्द एकेकटे पाठ करण्यापेक्षा गटानं लिहिले तर लवकर बसतात. पी-एचचे पाच शब्द एकत्र, मुक्या के-चे पाच एकत्र.

दुसरी अडचण ‘अ’ आणि ‘ॲन’ची. मराठीत असा प्रकारच नाही. गाईडात लिहिलेलं असतं, ए-ई-आय-ओ-यू असेल तर ‘ॲन’. पोर अक्षर बघतं आणि फसतं. इथं आपली बाराखडी उपयोगी पडते. तो शब्द देवनागरीत लिहून बघा. सुरुवात स्वरानं झाली तर ‘ॲन’, व्यंजनानं झाली तर ‘अ’. ‘अम्ब्रेला’ अ-नं सुरू, म्हणून ‘ॲन’. ‘युनिफॉर्म’चं पहिलं अक्षर यू असलं तरी आवाज ‘य’चा, म्हणून ‘अ’. ‘अवर’ म्हणजे तास, त्याचं पहिलं अक्षर एच असलं तरी आवाज अ-चा, म्हणून ‘ॲन’. आवाज कानानं धरायचा. मराठी शाळेत शिकणं इथं पोराच्या फायद्याचं ठरतं.

तिसरी अडचण वाक्याची. ‘राजू आंबा खातो’ यात आपलं क्रियापद शेवटी येतं. इंग्रजीत राजूनंतर आधी ‘खातो’ आणि मग ‘आंबा’. उलटसुलट शब्दांच्या प्रश्नात आधी ‘कोण’ शोधायचा, मग ‘काय करतो’, मग उरलेलं. शिवाय आपल्याकडं खुर्ची ती, पंखा तो, टेबल ते. म्हणून पोर खुर्चीला ‘शी’ म्हणून मोकळं होतं. इंग्रजीत वस्तूला ‘इट’च.

चौथी अडचण मोठ्या अक्षरांची आणि चिन्हांची. देवनागरीत मोठी-छोटी एबीसीडी असला भेद नाही. म्हणून पोर गावाचं नाव छोट्या अक्षरानं लिहितं आणि त्याला चूक दिसत नाही. वाक्याची सुरुवात, माणसाचं नाव, गावाचं नाव, वार, महिना आणि ‘मी’ या अर्थाचा ‘आय’ यांना मोठं अक्षर, एवढं पक्कं केलं तरी बरंच काम होतं. विरामचिन्हं मात्र आपल्याला परकी नाहीत. मराठीत ती इंग्रजीवरूनच आली. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी ती मराठीत रुजवली असं मानलं जातं. म्हणजे पोराला मराठीत पूर्णविराम, स्वल्पविराम आणि प्रश्नचिन्ह नीट देता येत असेल तर इंग्रजीचं अर्धं काम झालेलं असतं. नवीन फक्त वरचा स्वल्पविराम. ‘राजूची बॅट’ म्हणताना राजूनंतर वर टिंबासारखी खूण आणि मग एस. नुसतं अनेकवचन असेल तर ती खूण येत नाही. ही चूक इंग्लंडातल्या भाजीवाल्यांच्या पाट्यांवरही सापडते, तेव्हा पोराला फार रागावू नका.

खुद्द इंग्रजांच्या देशात काय झालं

ज्यांची ती भाषा आहे, त्यांच्याकडंही हा वाद आहे. इंग्लंडात २०१३ पासून दहा-अकरा वर्षांच्या पोरांना व्याकरण, विरामचिन्हं आणि स्पेलिंगची वेगळी सरकारी परीक्षा द्यावी लागते. व्याकरणाचा पेपर ५० मार्कांचा, ४५ मिनिटांचा. स्पेलिंगचे २० शब्द, २० मार्क. २०१६ मध्ये तिथल्या शिक्षण खात्याच्या एका मंत्र्याला रेडिओवर व्याकरणाचा प्रश्न विचारला आणि त्यांचं उत्तर चुकलं. देशभर चर्चा झाली की मोठ्यांना जे जमत नाही ते पोरांना कशाला.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२२ मध्ये सहा-सात वर्षांच्या पोरांवर केलेला अभ्यास मांडला. व्याकरणाचे खास धडे दिल्यानं पोरांच्या गोष्ट लिहिण्यात लक्षणीय सुधारणा दिसली नाही. व्याकरण शिकवूच नका, असा याचा अर्थ होत नाही. नियम पाठ झाला म्हणजे लिहिता येईलच असं नाही, एवढं यातून घ्यायचं.

त्यांची एक पद्धत मात्र उचलण्यासारखी आहे. तिथं स्पेलिंगला पर्याय देत नाहीत. शिक्षक वाक्य वाचतात, पोर शब्द ऐकून लिहितं. म्हणजे आपलं जुनं श्रुतलेखन. मराठीसाठी आपण ते करत आलोय, इंग्रजीसाठी सोडून दिलं.

घरात इंग्रजी कुणाला येत नसेल तर

बहुतेक घरांत हीच स्थिती आहे. आई-बाप दिवसभर रानात, संध्याकाळी अभ्यास घ्यायला कुणी नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं तर त्याहून अवघड. दिवाळीनंतर कोपीवर गेलेली पोरं उन्हाळा लागता लागता परत येतात, आणि शाळेतला तयारीचा हंगामही नेमका तोच. या पोरांसाठी गाईड हा काही उपाय नाही. शाळा व्यवस्थापन समितीनं ही पोरं गावात कशी राहतील, हंगामी वसतिगृहाची सोय वेळेत सुरू होते का, हे जुलै-ऑगस्टपासूनच विचारायला हवं.

घरी करता येईल असं बिनखर्चाचं बरंच आहे. रोज पाच शब्द, जास्त नकोत. मोबाईलमधल्या भाषांतराच्या ॲपला शब्द बोलायला लावायचा, पोरानं ऐकून वहीत लिहायचा, मग स्क्रीन बघून स्वतःच तपासायचा. आईला इंग्रजी येत नसलं तरी वहीतलं आणि स्क्रीनवरचं अक्षर सारखं आहे का, हे ती बघू शकते. त्यातल्या एका शब्दाचं रोज एक वाक्य करायचं, मोठ्या अक्षरासकट आणि पूर्णविरामासकट. आठवड्याला सात वाक्यं झाली. चौथीच्या वर्षात दोनशे वाक्यं सहज होतात, आणि ती पोराची स्वतःची असतात.

पैसे देऊन पीडीएफ घ्यायचीही गरज नाही. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट उतरवता येतात. जुन्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरसूची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावर मिळतात. ग्रुपवर फिरणाऱ्या कितीतरी पेपरांत उत्तरंच चुकीची छापलेली असतात, म्हणून मूळ ठिकाणचाच पेपर घ्या. पेपर सोडवायचा तो आठवड्यातून एकच. आणि सोडवल्यावर किती मार्क पडले एवढंच विचारू नका, कोणता प्रश्न का चुकला ते पोराकडून ऐका.

शाळेकडं काय मागायचं

२००० पासून आपल्याकडं पहिलीपासून इंग्रजी आहे. पंचवीस वर्षं होऊन गेली. तरी चौथीचं पोर दोन ओळी स्वतःहून लिहिताना अडतं, तर दोष एकट्या पोराचा नाही. दोन गुरुजी आणि चार वर्ग असतील, वर ऑनलाइन माहिती भरायची कामं असतील, तर इंग्रजीच्या वाट्याला किती वेळ उरणार? पुढच्या पालक सभेत स्कॉलरशिपला किती पोरं बसवली हे विचाराच. त्यासोबत तीन गोष्टी विचारा. इंग्रजीचं श्रुतलेखन आठवड्यातून किती वेळा होतं? पोरांच्या वहीत पोरांनी स्वतः बनवलेली वाक्यं आहेत का? आणि हे फक्त निवडक हुशार चार पोरांसाठी चालतं, की सगळ्या वर्गासाठी?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. शाळेची कमान सजवायला चार पोरांचे फोटो पुरतात. पण शिष्यवृत्ती न मिळालेली बाकीची वीस पोरंही पुढं पाचवीत जाणार आहेत, फॉर्म भरणार आहेत, कामाच्या शोधात शहरात जाणार आहेत. इंग्रजीतलं एक सरळ वाक्य त्यांनाही लिहिता यायला हवं.