वीतभर लांबीची कॅडिलॅक

१९५९ सालची कॅडिलॅक म्हणजे अमेरिकन दिमाखाची परिसीमा. लांबी सुमारे २२५ इंच, मागील बाजूस आकाशाकडे झेपावणारे दोन पंख आणि प्रत्येक पंखात बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे दोन तांबडे दिवे. हीच गाडी २४ पटींनी लहान केली, की साडेनऊ इंचांची, म्हणजे जेमतेम वीतभर होते. एका फुटाला अर्धा इंच असे हे प्रमाण. गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत फ्रँकलिन मिंट आणि डॅनबरी मिंट या अमेरिकन संस्थांनी या प्रमाणात असंख्य प्रतिकृती काढल्या. त्यांचे दरवाजे उघडतात, झाकण उचलले की इंजिन दिसते. रविवारच्या पुरवण्यांतून जाहिरात यायची, मासिक हप्ते भरायचे आणि टपालाने खोका घरी यायचा. त्यात बहुधा क्रमांक घातलेले प्रमाणपत्र असे. 'मर्यादित आवृत्ती' या शब्दांची मोहिनी मोठी. मात्र ही मर्यादा कधी नगांची असे, तर कधी केवळ मागणी नोंदवण्याच्या मुदतीची.

हे संग्राहक प्रामुख्याने १९४० ते १९५० च्या आगेमागे जन्मलेले. सोळाव्या वर्षी वाहन चालवण्याचा परवाना मिळणाऱ्या त्या समाजात १९५७ ची शेव्हरोले बेल एअर किंवा एप्रिल १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात अवतरलेली मस्टँग ही नुसती वाहने नव्हती; घराबाहेर पडण्याची ती पहिली मोकळीक होती. अनेकांच्या कपाटातील गाडी त्यांच्या मालकीची कधीच नव्हती. ती वडिलांची होती, शेजाऱ्याची होती, किंवा दुकानाच्या काचेपलीकडची होती.

साधारणतः दहा ते तीस या वयातील आठवणी उतारवयात अधिक ठळकपणे परत येतात, हे मानसशास्त्राने टिपलेले आहे. १९६३ मध्ये रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने असे प्रतिपादन केले, की वृद्धांचे गतकाळात रमणे हे मन खचल्याचे लक्षण मानू नये. आयुष्याचा ताळा जमवण्याची ती स्वाभाविक क्रिया आहे. पुढे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी जुन्या वस्तू व छायाचित्रे हाती देऊन बोलते करण्याची पद्धत रूढ झाली. तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा धरू नये. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात तिचे लाभ अल्प आणि ठिकठिकाणी भिन्न असल्याचे आढळले. पण दुपारचा एक तास आनंदात जाणे हाही लाभच, असे मला वाटते.

आपल्याकडच्या ज्येष्ठांनाही या गाड्या परक्या नाहीत. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली होती, आणि कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९४७ पासून डॉज व प्लिमथ बाहेर पडत होत्या. ऐंशी ओलांडलेल्या मुंबईकराच्या हाती वीतभर प्लिमथ ठेवून पाहावी.

येथे काळजीवाहकाने एक पथ्य पाळावे. "ही कोणती गाडी, सांगा पाहू?" अशी परीक्षा घेऊ नये, नाव आठवले नाही, की माणूस ओशाळतो आणि मिटून जातो. "हिच्यात मागे किती जण बसत असतील हो?" असे विचारावे. साल चुकले, तर चुकू द्यावे. सांगितलेले मात्र त्याच दिवशी टिपून ठेवावे किंवा फोनवर ध्वनिमुद्रित करावे. गाडीचा क्रमांक प्रमाणपत्रावर असतोच; ती कोणाची आठवण आहे, हे कोठेच लिहिलेले नसते.

कपाट गुडघ्यापासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीतच असावे. धूळ झटकण्यासाठी स्टुलावर चढणे आणि त्यातून खुब्याचे हाड मोडणे, ही किंमत कोणत्याही कॅडिलॅकला फार झाली. बंद काचेचे कपाट घेतले, तर धुळीचा प्रश्न निम्मा सुटतो. उरलेल्यासाठी मऊ रुंद कुंचला पुरे. हात थरथरत असतील, तर टेबलावर जाड टॉवेल अंथरून बसूनच काम करावे. आरसे, एरियल यांसारखे बारीक भाग सुटून येतात. नातवंडे लहान असतील, किंवा रुग्णाला वस्तू तोंडात घालण्याची सवय लागली असेल, तर अशी गाडी हाती देऊ नये. जुन्या रंगात शिसेही असू शकते. दृष्टी मंदावलेल्यांना १:१८ प्रमाणाची मोठी गाडी बरी, पण ती जड असते. १:४३ ची गाडी पाच इंचांची आणि भिंगाविना निरर्थक.

खरी चिंता खरेदीची. न उघडलेले खोके दाराशी साचू लागले, तीच गाडी दोनदा मागवली गेली, हप्ते थकले, तर त्याला छंदाचा अतिरेक म्हणून हसण्यावारी नेऊ नये. पैशांचे व्यवहार चुकू लागणे हे स्मृतिभ्रंशाच्या आरंभीच्या खुणांपैकी एक असू शकते. न रागावता डॉक्टरांशी बोलावे. 'पुढे सोन्याची किंमत येईल' हा भ्रमही अनेकांचा असतो. वस्तुतः त्या काळी हौसेने घेतलेल्या पुष्कळशा प्रतिकृती आज मूळ किमतीच्याही खाली विकल्या जातात, कारण घेणारी पिढी स्वतःच आपली कपाटे रिकामी करीत आहे.

वृद्धाश्रमातील एका खोलीत जायची वेळ येते, तेव्हा दोनशे गाड्यांतून पाच निवडाव्या लागतात. ही निवड मुलांनी परस्पर करू नये. सर्व गाड्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत, मग एका बैठकीत दहाच गाड्या समोर मांडाव्यात आणि ज्या हातात जास्त वेळ राहतात, त्या बाजूला ठेवाव्यात. आठवडे लागले तरी चालतील. उरलेल्या विकायच्या असतील, तर प्रत्येकीचा मूळ खोका आणि प्रमाणपत्र तिच्यासोबतच राहू द्यावे. घेणारा प्रथम तेच मागतो. निवडलेल्या पाच गाड्या पलंगावरून पडल्यापडल्या दिसतील अशा ठेवाव्यात. खिडकीचे थेट ऊन मात्र टाळावे, त्याने रंग उडतो.