उन्हाळा आणि कुत्र्याचे केंस

वैशाख लागला म्हणजे अंबरनाथ-बदलापूरकडील परिचित घरांतून आम्हांस एक प्रश्न हटकून येतो : कुत्र्याचे केंस घरच्या घरीं कापावयाचे आहेत, यंत्र कोणतें घ्यावें? या बाजूस पारा चाळिसाच्या पलीकडे जाऊं लागला कीं केंसाळ जनावराची धांप घरांतील थोरामोठ्यांस पाहवत नाहीं.

उत्तर देण्यापूर्वीं आमचा एक अपराध सांगणें भाग आहे. आमच्या घरीं मोती नांवाचा पांढराशुभ्र स्पिट्झ आहे. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन' या बोलपटांतील टफी ज्या जातीचा, त्याच जातीचा. दोन वर्षांपूर्वीं ऐन उन्हाळ्यांत मातोश्री म्हणाल्या, "अरे, आपण पंख्याखालीं बसतों आणि तो बिचारा घोंगडी पांघरून फिरतो. काढून टाका ती एकदांची." आज्ञा शिरसावंद्य मानून आम्हीं चिरंजीवांचें दाढी कोरण्याचें यंत्र उचललें. तें तीन वेळां अडलें; चौथ्या वेळीं पातें इतकें तापलें कीं मोतीच्या पोटावर लाल डाग उमटला. पुढें पाऊस गेला, थंडी आली, तरी पाठीवरील केंस ठिगळें लावल्यासारखेच उगवले होते. यंत्राचा आवाज ऐकतांच तो पलंगाखालीं शिरे.

पशुवैद्यांनीं मग जें सांगितलें तें आम्हांस आधींच ठाऊक असावयास हवें होतें. स्पिट्झ, जर्मन शेफर्ड, लॅब्रडॉर, हस्की यांच्या अंगावर केंसांचे दोन थर असतात : आंत मऊ लव आणि वर राठ, लांब केंस. वरचा थर उन्हाची झळ कातडीपर्यंत पोंचूं देत नाहीं. शिवाय कुत्र्यास आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाहीं. तो येतो मुख्यतः पंजांच्या गाद्यांना, आणि अंगांतील उष्णता बहुतेक धांपेवाटेंच बाहेर जाते. तेव्हां त्याचें मुंडण करून आपल्याला वाटतो तसा गारवा त्यास मिळत नाहीं. उघडी पडलेली कातडी उन्हानें भाजते मात्र. असल्या कुत्र्यास यंत्र नकोच. सुटलेली लव ओढून काढणारा लांब दातांचा कंगवा, थंड फरशी आणि भरलेलें पाण्याचें भांडें, एवढें पुरे. यंत्र लागतें तें शिहत्झू, ल्हासा ॲप्सो, पूडल यांस, कारण त्यांचे केंस माणसाच्या केंसांसारखे वाढतच राहतात. गांवठी कुत्र्यास यांतलें कांहींच लागत नाहीं, आणि आपल्या हवेला तोच खरा साजेसा, असें आमचें मत आहे.

ज्यांस यंत्र घेणें प्राप्तच आहे त्यांनीं प्रथम आंकड्यांचा घोटाळा समजून घ्यावा. माणसांच्या यंत्रावरील कंगव्याचा आंकडा वाढला कीं केंस अधिक लांब राहतात. कुत्र्यांच्या पात्यांचा हिशेब नेमका उलटा. ७ क्रमांकाचें पातें केंस सुमारें ३ मिलिमीटर ठेवतें, १० क्रमांकाचें दीड, आणि ४० क्रमांकाचें जेमतेम पाव मिलिमीटर; हें शेवटचें शस्त्रक्रियेपूर्वीं कातडी मोकळी करण्याच्या कामाचें. घरीं १० क्रमांकाचें असूं द्यावें. विरळ दातांचें पातें भराभर कापतें खरें, पण त्यांत कातडीची घडी अडकते. नवख्यानें त्याच्या वाटेस जाऊं नये.

विकत घेण्यापूर्वीं यंत्र सुरू करून कानाशीं धरावें. माणसास फार तर सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकूं येतो, कुत्र्यास सुमारें ४५,००० पर्यंत. आपलें गुणगुणणें त्याला किंकाळी वाटत असेल. तारेविना चालणारें बरें, कारण इकडे पावसाळ्यांत वीज केव्हां जाईल याचा नेम नाहीं, आणि अर्धवट भादरलेला कुत्रा घेऊन दिवे येण्याची वाट पाहणें हा प्रसंग कोणावर न येवो.

खरेदीस पुष्कळ मंडळी उल्हासनगरास जातात. १९४९ मध्यें कल्याण कॅम्पाचें उल्हासनगर झालें आणि सिंधमधून आलेल्या निर्वासितांनीं स्वतःच्या कसबावर तेथें बाजारपेठ उभी केली. 'मेड इन यू. एस. ए.' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', ही जुनी थट्टा तेथील माणसेंही हंसून सांगतात. आम्ही कोठल्याही बाजारांत पेटीवरील छाप पाहत बसत नाहीं. एकच विचारतों : याचें सुटें पातें वर्षानें मिळेल काय? उत्तर अडखळलें तर पुढचें दुकान.

काम चालू असतां दर चार-पांच मिनिटांनीं पातें आपल्या मनगटाच्या आंतल्या बाजूस टेकवून पाहावें. चटका बसला तर थांबावें. दातांवर पातळ यंत्र-तेलाचे दोन थेंब घालावेत, खोबरेल नव्हे. केंस धुऊन, पूर्ण वाळवून, विंचरूनच यंत्र फिरवावें. पावसाळ्यांत ओल धरून जट झाली तर ती कात्रीनें कापूं नये. जटेबरोबर कातडी वर ओढली जाते व तिलाच कात्री लागते.

मोतीसाठीं पुढें रीतसर यंत्र घेतलें. तें निघतें फक्त त्याच्या पंजांच्या गाद्यांमधले केंस काढण्यापुरतें. मातोश्री तेव्हां त्याचें डोकें मांडीवर घेऊन बसतात. तो थोडा थरथरतो, पण पलंगाखालीं जात नाहीं.