यादीत आपलं कोण?

राज्यसभेवर राष्ट्रपतींनी नेमलेल्या सदस्यांची नावं जाहीर झाली की आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘यात आपलं कोण?’ नाव सापडलं तर मुबारकबाद, नाही सापडलं तर नाराजी. मला वाटतं, या यादीकडून आपण भलतीच अपेक्षा ठेवून बसलो आहोत.

घटनेच्या कलम ८० प्रमाणे राज्यसभेत १२ सदस्य राष्ट्रपती नेमतात. साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा यांतलं विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव, एवढीच अट. धर्म, जात, प्रांत यांचा त्यात उल्लेख नाही. आणि राष्ट्रपती नेमतात म्हणजे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने नेमतात. सरळ सांगायचं तर सरकार नेमतं. ही माणसं कुणाच्या मतांवर आलेली नसतात. त्यांच्या दारात जाऊन ‘तुम्ही आमच्यासाठी काय केलं?’ असं विचारणारा मतदारच नसतो.

म्हणून या जागा वाईट, असं मी म्हणत नाही. १९५२ च्या पहिल्या तुकडीत शास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोस, पृथ्वीराज कपूर, रुक्मिणीदेवी अरुंडेल होते आणि झाकीर हुसेन होते. झाकीरसाहेब तेव्हा अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू. त्याआधी १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेनंतर बुनियादी शिक्षणाचा आराखडा ज्या समितीने केला तिचे ते अध्यक्ष होते. त्यांना ‘मुस्लिम कोट्यातून’ घेतलं असं कुणी म्हटलं तर आपल्यालाच राग येईल.

आपल्या मुंबईच्या फातिमा इस्माईल यांचं नाव तर आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असेल. मुलीला पोलिओ झाला तेव्हा त्या उपचारांसाठी वणवण फिरल्या, आणि मग इतरांच्या मुलांसाठी मुंबईत पोलिओ उपचार केंद्र उभं केलं. हाजीअलीचं मुलांचं ऑर्थोपेडिक हॉस्पिटल हे त्याच कामाचं फळ. १९७८ मध्ये त्या राज्यसभेवर नेमल्या गेल्या. अशा बाईंना निवडणूक लढवायला कोण सांगणार होतं? त्यांच्यासारख्यांसाठीच ही तरतूद आहे. जावेद अख्तर यांचंही तसंच. गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क देणारी कॉपीराइट कायद्यातली २०१२ ची दुरुस्ती झाली, त्यामागे सभागृहात आणि बाहेर त्यांचा मोठा रेटा होता. गाणी कशी लिहिली जातात आणि पैसा कुणाच्या खिशात जातो, हे ठाऊक असलेला माणूस तिथे होता म्हणून ते जमलं.

पण दर वेळी असं होत नाही. २०२० मध्ये माजी सरन्यायाधीश रंजन गोगोई निवृत्तीनंतर चार महिन्यांत राज्यसभेवर आले. उज्ज्वल निकम २०२४ मध्ये उत्तर मध्य मुंबईत लोकसभेला हरले आणि २०२५ मध्ये नियुक्त सदस्य झाले. यात बेकायदा काही नाही. नेमलेल्या सदस्याला पहिल्या सहा महिन्यांत एखाद्या पक्षात जायचीही मुभा आहे. मात्र मतदारांनी नाकारलेला माणूस वर्षभरात वरच्या सभागृहात बसतो, याला ‘विशेष ज्ञान’ म्हणायचं का, हे ज्याने त्याने ठरवावं.

शिवाय ही पदं शोभेची नाहीत. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत या १२ जणांना मत नसतं, पण विधेयकांवर असतं. ३० जुलै २०१९ ला तिहेरी तलाकचं विधेयक राज्यसभेत ९९ विरुद्ध ८४ मतांनी मंजूर झालं. फरक १५ चा. अशा मोजणीत १२ मतांचं वजन किती, हे वेगळं सांगायला नको.

आता आपल्या राज्याकडे बघू. विधान परिषदेत ७८ पैकी १२ जागा राज्यपाल भरतात. तिथे निकषांत सहकाराचीही भर आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये तेव्हाच्या सरकारने १२ नावं पाठवली आणि राज्यपालांनी ती तशीच ठेवून दिली. वाजवी वेळेत निर्णय व्हायला हवा, असं उच्च न्यायालयाने म्हटलं, तरी काही हललं नाही. २०२२ मध्ये सरकार बदललं आणि यादीच मागे घेतली गेली. अखेर ऑक्टोबर २०२४ मध्ये सात जणांचा शपथविधी झाला, तोही विधानसभा निवडणूक जाहीर झाली त्याच दिवशी. त्या सातांत मिरजेचे इद्रिस नायकवडी होते. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार त्या सवयीबद्दल आहे.

सवय अशी की तिकीटवाटपात आपल्याला डावलायचं आणि ओरड झाली की ‘परिषदेत बघू’ म्हणायचं. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात मुसलमान साडेअकरा टक्के. २०२४ मध्ये राज्यातून लोकसभेच्या ४८ जागांवर एकही मुस्लिम खासदार गेला नाही; विधानसभेच्या २८८ मध्ये १० आमदार आले. ही तूट नेमणुकीने कशी भरणार? नेमलेला आमदार ज्याने नेमलं त्याच्या तोंडाकडे बघतो. निवडून आलेला निदान पाच वर्षांनी तरी आपल्याकडे बघतो. भिवंडीतल्या यंत्रमागाच्या विजेचा प्रश्न असो की मालेगावच्या हॉस्पिटलचा, त्यासाठी मला हा दुसरा माणूस हवा आहे.

नियुक्त जागा राहाव्यात, पण नावं कशी ठरली ते उघड व्हावं. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्येही नेमलेलेच सदस्य जास्त. तिथे २००० पासून एक आयोग आहे, आणि बिगरपक्षीय सदस्य होण्यासाठी सामान्य नागरिकही त्याच्याकडे अर्ज करू शकतो. तिथलीही पद्धत काही निर्दोष नाही. पंतप्रधानांनी आपली माणसं घुसवल्याच्या तक्रारी असतातच. तरी अर्ज करायला एक खिडकी तरी आहे. आपल्याकडे तर कुणाचं नाव का आलं, याची दोन ओळींची कारणंही छापली जात नाहीत.

पुढची यादी आली की त्या माणसाचं काम काय, हे आधी शोधा. सहा वर्षांत त्याने किती प्रश्न विचारले, किती दिवस हजर होता, याचा हिशेब राज्यसभेच्या वेबसाइटवर असतो. तो ग्रुपवर टाका. आणि निवडणुकीआधी एखादा पक्षवाला मोहल्ल्यात चहा प्यायला येऊन ‘तुमचा एक माणूस परिषदेत घेतो’ म्हणाला, तर त्याला चहा जरूर पाजा आणि विचारा, भाईसाब, उमेदवारी कुठल्या मतदारसंघातून देताय?